रात्रीचे फोटो: काळोख घालवायचा की ठेवायचा?

चांदणभूल

रात्री कॅमेरा घेऊन बाहेर पडणाऱ्यांसाठी हा धागा काढते आहे. तांत्रिक प्रश्न, अडचणी, युक्त्या सगळं इथे येऊ द्या. पण आधी एक मुद्दा मांडते, कारण तो बरेच दिवस मनात आहे.

रात्रीच्या फोटोबद्दल जे काही वाचायला मिळतं त्यात काळोख ही अडचणच धरलेली असते. मोठ्या अ‍ॅपर्चरची (उजेड आत घेणाऱ्या छिद्राची) लेन्स घ्या, आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) वाढवा, सावल्या उचला, नॉइज (चित्रातला रवाळपणा) पुसा. एवढं सगळं केल्यावर जे हाती येतं त्यात रात्र उरते का?

पौर्णिमेचंच बघा. सूर्य पूर्ण चंद्रापेक्षा सुमारे ४ लाख पट तेजस्वी, म्हणजे फरक साडेअठरा स्टॉपचा (एक स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट किंवा निम्मा). आकडा मोठा वाटतो, पण डिजिटल कॅमेरा तो सहज भरून काढतो. अ‍ॅपर्चर एफ/२.८ (आकडा लहान तितकं छिद्र मोठं), आयएसओ ८०० आणि पंधराएक सेकंद दिले की चांदण्यातलं माळरान भर दुपारसारखं उजळतं. आकाश निळं, गवत हिरवं, झाडाखाली ठसठशीत सावली. रात्र असल्याची खूण म्हणजे फक्त वर दिसणारे तारे. कॅमेरा इथे खोटं काहीच सांगत नाही. चांदणं म्हणजे परावर्तित ऊनच, आणि हवा त्यालाही तशीच विखुरते. पण तिथे उभं असताना आपण हे पाहिलेलं नसतं. एवढ्या कमी उजेडात डोळ्यातल्या रंग ओळखणाऱ्या शंकुपेशी जवळपास थांबतात आणि सगळा भार दंडपेशींवर येतो. त्यांना रंग कळत नाहीत, लाल तर दिसतच नाही म्हटलं तरी चालेल. म्हणून आपल्या आठवणीतलं चांदणं करडं-निळसर असतं.

माझं म्हणणं असं: प्रकाश हवा तेवढा गोळा करा, पण शेवटच्या चित्रात काळोखाला त्याची जागा द्या. तो कुठे ठेवायचा, किती ठेवायचा, हे ठरवण्यातच रात्रीच्या फोटोची खरी मेहनत आहे. दिवसा चौकटीत काय घ्यायचं ते ठरवलं की बरंच काम होतं. रात्री काय दिसू द्यायचं नाही तेही ठरवावं लागतं.

तुमचं काय मत?

कोवळेऊन

विषय आवडला. मी नुकतीच सुरुवात केली आहे, त्यामुळे काळोख ठेवायचा की घालवायचा इथपर्यंत अजून पोचलोच नाही. माझे प्रश्न प्राथमिक आहेत. ट्रायपॉडवर ठेवूनही फोटो किंचित हललेला येतो. कॅमेऱ्याच्या पडद्यावर छान दिसलेला फोटो घरी संगणकावर काळाकुट्ट निघतो. आणि रस्त्यावरचे दिवे म्हणजे नुसते पांढरे गोळे. कुठून सुरुवात करू?

तिपाई

@कोवळेऊन, एकेक घेऊ.

फोटो हलण्याची कारणं बहुतेक वेळा अगदी छोटी असतात. शटरचं बटण बोटाने दाबता ना? त्या दाबाने कॅमेरा थरथरतो. २ सेकंदांचा टायमर लावा किंवा रिमोट वापरा. लेन्समधलं किंवा कॅमेऱ्यातलं स्टॅबिलायझेशन ट्रायपॉडवर बंद करा. काही नव्या कॅमेऱ्यांना आपण ट्रायपॉडवर आहोत हे कळतं, पण बंद केलेलं बरं. आरशाचा कॅमेरा (डीएसएलआर) असेल तर मिरर लॉक-अप वापरा, म्हणजे आरसा आधीच वर उचलून ठेवा. आरशाच्या धक्क्याचा त्रास १/१५ ते १ सेकंद या टप्प्यात सगळ्यात जास्त होतो. ३० सेकंदांच्या फोटोत तेवढा धक्का मोजावाच लागत नाही.

ट्रायपॉडचा मधला दांडा वर काढू नका. उंची पाहिजे असेल तर पाय लांब करा, तेही आधी जाड नळ्या, मग बारीक. वारा असेल तर मधल्या हुकाला बॅग अडकवतात, पण ती लोंबकळत राहिली तर तीच झोके खाते आणि उलटाच परिणाम होतो. बॅगेचं बूड जमिनीला टेकेल इतकी खाली सोडा. कॅमेऱ्याचा पट्टा काढून ठेवा, तो वाऱ्यावर शिडासारखा वागतो. पुलावर उभे असाल तर गाड्या जाताना अख्खा पूलच हलतो. तिथे कितीही महागडा ट्रायपॉड घेतला तरी गाड्यांमधली उसंत गाठण्याला पर्याय नाही.

पडद्याचं म्हणाल तर अंधाराला सरावलेल्या डोळ्यांना तो फार उजळ वाटतो. म्हणून कमी एक्स्पोजरचा (कमी प्रकाश मिळालेला) फोटोसुद्धा पुरेसा वाटतो. पडद्याची चमक कमी करा आणि हिस्टोग्राम (डावीकडे काळं, उजवीकडे पांढरं किती आहे ते दाखवणारा आलेख) बघायची सवय लावा. रात्रीचा हिस्टोग्राम डावीकडे झुकलेला असणार, त्याला घाबरू नका. फक्त डाव्या भिंतीला चिकटून सगळा ढीग पडलेला नसावा.

दिव्यांच्या गोळ्यांवर निळाई बोलतीलच, तो त्यांचा प्रांत आहे.

निळाई

आलेच :)

@कोवळेऊन, दिवे पांढरे होतात कारण तुम्ही फार उशिरा जाता. पूर्ण अंधार झाला की दिवा आणि त्याच्या मागचं आकाश यांतला फरक कुठल्याही सेन्सरच्या आवाक्याबाहेर जातो. सूर्य मावळल्यावर आकाशात बराच वेळ उजेड असतो. सूर्य क्षितिजाखाली ६ अंश जाईपर्यंत नागरी संधिप्रकाश, १२ अंशांपर्यंत नाविक आणि १८ अंशांपर्यंत खगोलीय. त्यानंतर खरी रात्र. यातला साधारण ४ ते ६ अंशांचा पट्टा म्हणजे 'ब्लू अवर'. त्या वेळी आकाशाची आणि दिव्यांनी उजळलेल्या भिंतींची चमक जवळपास सारखी होते. एकाच फोटोत दोन्ही नीट येतात, काही जोडाजोड करावी लागत नाही.

नावात तास असला तरी तो तासभर टिकत नाही. विषुववृत्ताजवळ सूर्य जवळजवळ सरळ खाली उतरतो, त्यामुळे हा पट्टा काही मिनिटांत सरतो. ध्रुवांकडे जाल तसा तो लांबतो, उन्हाळ्यात तर रात्रभर पुरतो. म्हणून जागा आधीच ठरवून, ट्रायपॉड लावून, फ्रेम जुळवून उभं राहायचं आणि आकाश कसं उतरतं ते बघत दर मिनिट-दोन मिनिटांनी एकेक फोटो घेत जायचं. उजेड भराभर कमी होतो, तेव्हा शटरचा वेळ वाढवत न्यायला विसरू नका. घरी आल्यावर त्या मालिकेतला एकच फोटो असा असतो की ज्यात सगळं जुळलेलं असतं. तो कितवा असेल ते तिथे उभं असताना सांगता येत नाही, निदान मला तरी नाही.

तो निळा रंग दिवसाच्या निळ्यापेक्षा वेगळा, अधिक गडद का दिसतो हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. दिवसाची निळाई हवेच्या रेणूंनी विखुरलेल्या प्रकाशाची. संधिप्रकाशात उन्हाची तिरीप वातावरणाच्या वरच्या थरांतून खूप लांबचा प्रवास करत येते, आणि तिथला ओझोन तिच्यातला नारिंगी-पिवळा भाग शोषून घेतो. उरते ती ही निळाई.

चांदणभूल यांच्या मुद्द्यावर: मी तर काळोखाच्या आधीच घरी परतते, तेव्हा मतदान करत नाही.

कृष्णधवल

धागा चांगला आहे, पण मूळ मुद्द्याला माझा थोडा विरोध आहे. 'काळोख ठेवा' असं नवख्यांना सांगितलं की ते फोटोच अंधारे काढतात. मग सावल्यांत रंगीत रवाळपणा येतो आणि बिचारे कॅमेऱ्याला दोष देतात.

नॉइज आयएसओमुळे होतो हा समज खूप खोलवर रुजला आहे. मुख्य कारण प्रकाशच कमी असणं हे आहे. अंगणातल्या फरश्यांवर पावसाचे चार थेंब पडले तर काही फरश्या ओल्या, काही कोरड्या. तासभर पाऊस पडला की सगळ्या सारख्याच भिजतात. सेन्सरवर पडणाऱ्या फोटॉनचं असंच आहे. १०० फोटॉन आले तर त्यांत साधारण १० चा चढउतार, म्हणजे १० टक्के. १०,००० आले तर चढउतार १०० चा, म्हणजे १ टक्का. प्रकाश चौपट केला की चित्र दुप्पट स्वच्छ होतं. तेव्हा शटर उघडं ठेवता येत असेल तितका वेळ ठेवा, रॉमध्येच (सेन्सरची सगळी माहिती राखणाऱ्या फाइलमध्ये) काढा, आणि काळोख घरी येऊन करा. तो मागाहून करता येतो. न टिपलेला प्रकाश मागाहून आणता येत नाही.

जिथे शटर जास्त वेळ उघडं ठेवता येत नाही (तारे सरकतात, पानं हलतात) तिथे बरेच फोटो काढून त्यांची सरासरी घ्या. १६ फोटोंची सरासरी म्हणजे नॉइज एक चतुर्थांश. ६४ ची म्हणजे एक अष्टमांश. त्यापुढे मेहनतीच्या मानाने फायदा कमी होत जातो.

चांदणभूल

@कृष्णधवल, गोळा करण्याबाबत आपलं दुमत नाहीच. मीही तेच लिहिलं आहे, कदाचित पुरेसं ठासून लिहिलं नाही. माझा रोख घरी आल्यानंतरच्या कामावर आहे. संगणकावर बसल्यावर सावल्यांची पट्टी उजवीकडे ओढायचा मोह होतो, कारण तिथे माहिती आहे हे आपल्याला ठाऊक असतं. कोपऱ्यातली कुंडी, भिंतीवरची वायर, मागची कचरापेटी, सगळं दिसायला लागतं. दिसतंय म्हणून ते चित्रात हवंच का?

आणि 'शक्य तितका प्रकाश' यालाही रात्री एक मर्यादा आहे. दिवा, दुकानाची पाटी, खिडकी असं काही फ्रेममध्ये असेल तर ते आधी जळतं, आणि जळलेल्या भागात रॉ फाइलमध्येही काही नसतं. मी आधी त्या उजळ भागाला जपून एक फोटो घेते, मग त्याच जागेवरून दोन-दोन स्टॉप वाढवत आणखी दोन. बऱ्याचदा पहिला, सगळ्यात अंधारा फोटोच शेवटी पुरतो. दिवा नेमका खांबाच्या किंवा झाडाच्या आड जाईल असं दोन पावलं सरकून उभं राहिलं तरी निम्मा प्रश्न सुटतो.

तिपाई

दिव्यांवरून आठवलं. लेन्सवरचा यूव्ही फिल्टर रात्री काढून ठेवा. काचेवरून दिव्याचं प्रतिबिंब परत फिरतं आणि फ्रेमच्या बरोबर विरुद्ध बाजूला हिरवट, उलटा ठिपका म्हणून उमटतं. दिव्यांना किरणं फुटलेली हवी असतील तर एफ/११ ते एफ/१६. अ‍ॅपर्चरचं छिद्र बनवणारी पाती सम असतील तर तितकीच किरणं दिसतात, विषम असतील तर दुप्पट: ८ पात्यांना ८, ९ पात्यांना १८.

रंगरेषा

रंगांबद्दल कुणी बोललं नाही म्हणून लिहितो.

जुन्या नारिंगी सोडियम दिव्यांखाली काढलेला फोटो व्हाइट बॅलन्स (पांढरं पांढरं दिसावं म्हणून करायची रंगांची दुरुस्ती) बदलून 'बरोबर' करायचा प्रयत्न अनेक जण करतात आणि थकतात. कमी दाबाचा सोडियम दिवा जवळजवळ एकाच रंगाचा प्रकाश देतो, ५८९ नॅनोमीटरच्या आसपासचा. त्या उजेडात लाल गाडी आणि निळी गाडी यांच्यात फक्त फिकट-गडदपणाचा फरक उरतो. रंग नोंदलाच गेलेला नसतो, तर सॉफ्टवेअर तो आणणार कुठून? रस्त्यांवर जास्त आढळणारे उच्च दाबाचे सोडियम दिवे त्या मानाने बरे, थोडे इतर रंगही देतात, पण निळा तिथेही फार कमी. अशा वेळी एकतर तो नारिंगी तसाच स्वीकारा नाहीतर सरळ कृष्णधवल करा. मी दुसरा मार्ग पुष्कळदा घेतो आणि समाधानी असतो.

आता सगळीकडे एलईडी आले आहेत आणि त्यांच्यात एकवाक्यता नाही. एका गल्लीत पिवळसर, दुसरीत निळसर, मधल्या खिडकीतून तिसराच. हे सगळे एका पातळीवर आणू नका. आकाशाला थंड राहू द्या, खिडकीला उबदार. एकाच रात्री इतक्या रंगांचा उजेड एकत्र दिसतो हीच तर मजा आहे.

आणखी एक सावधगिरी. विजेची वारंवारता ५० हर्ट्झ असेल तिथे बरेच दिवे सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होतात. शटर स्पीड फार जलद ठेवला तर फोटोत आडवे पट्टे येतात, किंवा एका फोटोत दिवा लख्ख आणि पुढच्यात मंद. १/५० किंवा १/१०० ठेवून बघा. ६० हर्ट्झच्या देशांत १/६० किंवा १/१२०.

खिशातला_कॅमेरा

ट्रायपॉड, रॉ, सरासरी... माझ्याकडे फक्त मोबाईल आहे आणि त्यात नाइट मोड आहे. एक बटण दाबलं की काम होतं. मग मी या छंदात बसतो की नाही?

कृष्णधवल

@खिशातला_कॅमेरा, नक्कीच बसता. मी वर लिहिलेलं सरासरीचं काम तुमचा फोन तुमच्या नकळत करत असतो. गूगलच्या फोनांतला नाइट मोड, नाइट साइट, नोव्हेंबर २०१८ मध्ये आला. फोन हातात असेल तर जास्तीत जास्त १/३ सेकंदाच्या फ्रेम, स्थिर टेकवलेला असेल तर १ सेकंदापर्यंतच्या. त्या सगळ्या एकमेकींवर नेमक्या बसवायच्या, जे हललं असेल ते वगळायचं, उरलेलं मिसळायचं. पुढच्याच वर्षी १६ सेकंदांपर्यंतच्या १५ फ्रेम जोडून ४ मिनिटांत ताऱ्यांचा फोटो देण्याची सोय आली. म्हणून फोनही भिंतीला, दगडाला टेकवा. तो स्थिर आहे हे त्याला कळलं की तो स्वतःहून जास्त वेळ घेतो.

चांदणभूल

या निमित्ताने एक सांगण्यासारखी गोष्ट. नाइट साइट करणाऱ्या अभियंत्यांना अगदी हाच प्रश्न पडला होता, की इतका प्रकाश गोळा झाल्यावर रात्रीचा फोटो दिवसासारखा दिसायला लागतो, मग ही रात्र आहे हे बघणाऱ्याला कसं कळावं? त्यांनी तेव्हा लिहिलेल्या माहितीत उत्तर दिलं आहे: चित्रकारांनी शतकानुशतकं जे केलं तेच. उजेड-अंधारातला विरोध वाढवायचा, सावल्या काळ्या होऊ द्यायच्या आणि दृश्याच्या भोवती अंधार ठेवायचा. म्हणजे यंत्राला रात्रीतही दिवसासारखं दिसायला लागल्यावर पहिली गरज पडली ती काळोख परत आणण्याची. हे वाचलं तेव्हा मला फार बरं वाटलं होतं.

सगळ्याच फोनांचा कल तसा नसतो. फोटो फारच उजळ येत असेल तर काढण्याआधी पडद्यावर बोट ठेवून एक्स्पोजर खाली ओढा. तेवढ्यानेही खूप फरक पडतो.

जुना_रोल

मी अजून फिल्मवर काढतो, तेव्हा माझ्याकडे काळोख ठेवायचा की नाही हा पर्यायच नसतो. फिल्म तो ठेवतेच.

कारण असं की मंद प्रकाशात फिल्म आळसावते. हिशोबाने दुप्पट वेळ दिला म्हणून दुप्पट परिणाम होत नाही. कोडॅकच्या ट्राय-एक्स फिल्मच्या माहितीपत्रकात प्रकाशमापकाने १० सेकंद सांगितले तर ५० द्या आणि १०० सांगितले तर १,२०० द्या असं आहे. फूजीची अ‍ॅक्रॉस याबाबतीत विलक्षण, तिला १२० सेकंदांपर्यंत काहीच दुरुस्ती लागत नाही. या गुणामुळे फिल्मवरच्या रात्रीच्या सावल्या पटकन काळ्यात बुडतात आणि दिवे तेवढे राहतात. डिजिटलवाले आता पट्ट्या सरकवून जे आणायचा प्रयत्न करतात ते इथे आपोआप होतं.

इतिहासात डोकावलं तर हा ध्यास कॅमेऱ्याइतकाच जुना आहे. जॉन विल्यम ड्रेपर यांनी १८४० मध्ये चंद्राचं डॅगेरोटाइप (चांदीच्या पत्र्यावरचा सुरुवातीच्या काळातला फोटो) घेतलं. १८५० च्या जुलैत हार्वर्ड वेधशाळेच्या दुर्बिणीतून बाँड आणि व्हिपल यांनी अभिजित ताऱ्याचा फोटो घेतला, सुमारे १०० सेकंद देऊन. सूर्याखेरीज फोटोत उमटलेला तो पहिला तारा. आणि १८८० मध्ये ड्रेपर यांचे चिरंजीव हेन्री यांनी मृग नक्षत्रातला तेजोमेघ पकडला, ५१ मिनिटं शटर उघडं ठेवून. बापाने चंद्र, मुलाने तेजोमेघ.

जमिनीवरच्या रात्रीसाठी मी छायाचित्रकार ब्रासाईकडे परत परत जातो. १९३० च्या दशकात पॅरिसमध्ये तो रात्री भटकायचा आणि एक्स्पोजरची वेळ सिगरेटवर मोजायचा; उजेड कमी असेल तर जास्त वेळ जळणारी जाड सिगरेट. त्याचे रस्ते बघा, पावसाने किंवा धुक्याने ओले असतात. ओल्या फरसबंदीवर एकाच दिव्याचे दोन होतात आणि काळी जमीन बोलायला लागते. पाऊस थांबल्यावरचा अर्धा तास म्हणूनच दवडू नये.

दुसऱ्या टोकाला छायाचित्रकार ओ. विन्स्टन लिंक. त्याने १९५५ ते १९६० दरम्यान अमेरिकेतल्या नॉरफोक अँड वेस्टर्न रेल्वेच्या वाफेच्या इंजिनांचे रात्रीचे फोटो काढले, डझनावारी फ्लॅशबल्ब तारांनी जोडून एकाच क्षणी पेटवत. त्याच्या मते रात्र सोयीची, कारण प्रकाश कुठून येणार हे सर्वस्वी त्याच्या हातात. चांदणभूल, काळोख ठेवण्याचं तुमचं म्हणणं इथे शब्दशः दिसतं: जिथे त्याने बल्ब लावला नाही तिथे काही नाही.

रंगरेषा

@जुना_रोल, लिंकच्या फोटोंतली पांढरीशुभ्र वाफ ही त्या पद्धतीचीच देणगी ना?

जुना_रोल

हो. काळ्या आकाशावर फ्लॅशने उजळलेली वाफ. दिवसा तीच वाफ करड्या आभाळात हरवते.

ध्रुवपद

ताऱ्यांचा भाग माझ्याकडे लागला :)

पृथ्वी तासाला १५ अंश फिरते, त्यामुळे शटर जास्त वेळ उघडं राहिलं की ताऱ्यांच्या रेघा होतात. पूर्वीचा ठोकताळा म्हणजे ५०० भागिले फोकल लांबी: फुल फ्रेमवर (३५ मिमी फिल्मएवढ्या सेन्सरवर) २४ मिमीला २० सेकंद. हा फिल्मच्या काळात चालायचा. आजच्या बारीक पिक्सेलच्या सेन्सरवर २० सेकंदांत तारे लांबट दिसतात, मोठं करून बघा. एनपीएफ नावाचं सूत्र जास्त प्रामाणिक आहे: अ‍ॅपर्चरच्या आकड्याला ३५ ने गुणा, पिक्सेलच्या मायक्रॉनमधल्या आकाराला ३० ने गुणा, दोन्हींची बेरीज फोकल लांबीने भागा. एफ/२.८, ४ मायक्रॉन, २४ मिमी यांना साधारण ९ सेकंद येतात. निम्म्याहून कमी! म्हणूनच कृष्णधवल म्हणतात तसे बरेच फोटो काढून जोडायचे, ताऱ्यांवर ताण न देता.

फोकस हा ताऱ्यांच्या फोटोत सगळ्यात जास्त रडवणारा भाग. लेन्सवरच्या अनंताच्या खुणेवर विसंबू नका, ती बहुधा नेमकी नसते. लाइव्ह व्ह्यूमध्ये (कॅमेऱ्याच्या पडद्यावरच्या थेट चित्रात) व्याधासारखा एखादा ठळक तारा दहापट मोठा करून, तो सगळ्यात लहान ठिपका होईपर्यंत हाताने फोकस फिरवा. मग ऑटोफोकस बंद आणि रिंगवर चिकटपट्टी. गारठा वाढला की फोकस सरकू शकतो, म्हणून मधूनमधून तपासा.

लांब एक्स्पोजर किती द्यायचं हे अंदाजपंचे ठरवू नका. आयएसओ ६४०० वर चाचणी घ्या. तिथे जितके सेकंद लागतात, आयएसओ १०० वर साधारण तितकीच मिनिटं. चार मिनिटांचा फोटो वाया घालवण्याआधी चार सेकंदांत उत्तर मिळतं.

ताऱ्यांच्या वर्तुळाकार रेघा हव्या असतील तर ३० सेकंदांचे फोटो सलग, मध्ये खंड न पडू देता. लाँग एक्स्पोजर नॉइज रिडक्शन बंदच हवं, नाहीतर प्रत्येक फोटोनंतर कॅमेरा तितकाच वेळ शटर मिटून दुसरी फ्रेम घेत बसतो आणि रेघा तुटतात. उत्तर गोलार्धात ध्रुव ताऱ्याकडे तोंड करा. तोही अगदी केंद्रावर नाही, पाऊण अंशाहून थोडा कमी बाजूला आहे, त्यामुळे त्याचीही इवलीशी कमान उमटते.

आणि हे सगळं जमायला काळं आकाश लागतं, तेच कमी होत चाललंय. जॉन बॉर्टल यांनी २००१ मध्ये आकाशाच्या काळेपणाची ९ पायऱ्यांची मोजपट्टी दिली; १ म्हणजे निखळ काळं, ९ म्हणजे शहराचा मध्य. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रकाश-प्रदूषणाच्या जागतिक नकाशानुसार जगातल्या एक तृतीयांशाहून अधिक माणसांना राहत्या जागेवरून आकाशगंगा दिसत नाही. चांदणभूल काळोख चित्रात ठेवायचा म्हणतात, तो आधी आकाशात राहायला हवा.

खिशातला_कॅमेरा

चंद्राचं काय? फोटोत नेहमी पांढरी टिकली येते.

ध्रुवपद

चंद्र म्हणजे उन्हात पडलेला खडक, त्याला दिवसाचंच एक्स्पोजर लागतं. एफ/११ ला आयएसओइतकाच शटर: आयएसओ १०० ला १/१००. जमीन आणि चंद्र एकाच फोटोत हवे असतील तर पौर्णिमेच्या आदल्या संध्याकाळी जा. त्या दिवशी चंद्र सूर्य मावळण्याच्या थोडा आधी उगवतो आणि जमिनीवर अजून उजेड असतो, दोघांचं जमतं. फोनवर चंद्रावर बोट ठेवून एक्स्पोजर खाली ओढा, टिकलीतले डाग दिसायला लागतील.

सावली

सगळं तंत्रावरच चाललंय म्हणून थोडं वेगळं लिहिते.

रात्र आपल्या एकट्याची नसते. काजव्यांचे फोटो काढायला लोक टॉर्च आणि फ्लॅश घेऊन जातात. काजवे उजेडाच्या खुणांनीच जोडीदार शोधतात. आपला झोत पडला की ती बोलणी थांबतात. तिथे जायचं तर उजेड असतानाच ट्रायपॉड लावावा, आणि अंधारात टॉर्च पेटवूच नये, कॅमेऱ्याचा पडदासुद्धा झाकावा. घुबडं आणि इतर निशाचरांवर फ्लॅश मारणंही मला पटत नाही.

माणसांबद्दल तर जास्तच. रस्त्यावर झोपलेल्या माणसाचा फोटो मी काढत नाही. तो नाही म्हणू शकत नाही, एवढं कारण पुरेसं आहे. उजळलेल्या खिडक्या सुंदर दिसतात, पण लांब लेन्स लावून आत बघणं म्हणजे दुसऱ्याच्या घरात शिरणं.

अंधारात दुसरे छायाचित्रकार असतील तर पांढरी टॉर्च लावू नका. डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला २० ते ३० मिनिटं लागतात आणि एका झोतात ती जाते. मंद लाल दिवा वापरा. रस्त्यावर गाड्यांच्या रेघा टिपताना मात्र उलट: चमकणारी पट्टी असलेलं जाकीट घाला. आणि शक्यतो एकट्याने जाऊ नका. बायकांना हे वेगळं सांगावं लागत नाही, पण पुरुषांनीही कुठे आहोत हे घरी कळवून जावं.

अवांतर: आयफेल टॉवर १८८९ चा, त्यामुळे त्याच्या दिवसाच्या फोटोला आडकाठी नाही, पण त्याची रात्रीची रोषणाई ही स्वतंत्र कलाकृती मानली जाते. रोषणाईचा फोटो व्यावसायिक कामासाठी वापरायचा तर परवानगी लागते. हौसेखातर काढायला हरकत नाही. विकायच्या फोटोंसाठी असे नियम तपासून घ्यावेत.

निळाई

+१ सावली. खिडक्यांबद्दल अगदी पटलं.

कुणी दवाबद्दल लिहिलं का? माझी पहाटेची सत्रं त्यानेच संपतात.

तिपाई

निरभ्र रात्री लेन्सची पुढची काच आकाशाकडे उष्णता सोडत राहते आणि भोवतीच्या हवेपेक्षा गार होते, म्हणून दव आधी तिच्यावर धरतं. हूड (लेन्सच्या पुढे बसवायचं नळकांडं) लावला तर काचेला आकाश कमी 'दिसतं' आणि दव उशिरा धरतं. त्याहून जास्त हवं तर लेन्सभोवती गुंडाळायची हीटरची पट्टी मिळते, ती पॉवर बँकेवर चालते. कापडाने पुसत बसू नका, लगेच परत धरतं. गारठ्यातून घरात आल्यावर बॅगची चेन तासभर उघडू नका, नाहीतर दमट हवेतलं पाणी कॅमेऱ्यावर जमतं. कार्ड आधीच बाहेर काढून ठेवलं की वाट बघणं सोपं जातं. थंडीत बॅटरी लवकर मान टाकते, जादाची आतल्या खिशात अंगाजवळ ठेवा.

कोवळेऊन

सगळ्यांचे आभार. निळाई यांनी सांगितल्याप्रमाणे सूर्य मावळण्याआधी जाऊन उभा राहिलो. दिवे गोळे होत नाहीत आता, आणि टायमरमुळे हलणंही थांबलं. चांदणभूल यांचा मुद्दा आता कुठे कळतोय. एका फोटोत नदीकाठचं सगळं झाड उजळलं होतं, ते परत काळं केल्यावर पलीकडचे दिवे एकदम पुढे आले.

पण नवीन अडचण. त्याचा प्रिंट काढला तर तो पडद्यापेक्षा खूपच अंधारा आला. झाडही गेलं आणि काठही. काळोख जास्त ठेवला गेला का?

चांदणभूल

@कोवळेऊन, बहुधा काळोख जास्त नाही, तुमचा पडदा जास्त उजळ आहे. पडदा स्वतः प्रकाश देतो, कागद खोलीतला उजेड परत फेकतो. कागदावरचा सगळ्यात गडद काळाही थोडा उजेड परावर्तित करतोच, त्यामुळे अगदी तळाच्या दोन-तीन छटा एकमेकींत मिसळतात. दिवसाच्या फोटोत हे खपून जातं. रात्रीच्या फोटोचा जीव नेमका त्या छटांत असतो.

पडद्याची चमक खाली आणा. प्रिंटसाठी काम करताना ती ८० ते १२० निटच्या (पडद्याची चमक मोजायचं एकक) आसपास ठेवतात, विकत आणलेला पडदा बऱ्याचदा त्याच्या दुप्पट-तिप्पट असतो. खोलीत मध्यम उजेड असू द्या, अंधाऱ्या खोलीत बसून रात्रीचे फोटो करू नका. मग त्या झाडाचा आणि काठाचा भाग असलेली एक अरुंद पट्टी तीन प्रकारे छापून घ्या: आहे तशी, अर्धा स्टॉप उजळ, एक स्टॉप उजळ. जिथे फोटो लावणार तिथल्याच दिव्याखाली, हात लांब करून बघा. झाड आहे हे कळलं पाहिजे, पानं मोजता येता कामा नयेत. असं जी पट्टी करेल ती घ्या. कागद चकचकीत किंवा साटिन घेतलात तर काळा जास्त खोल मिळेल, मॅटवर तो करडा पडतो.

जुना_रोल

चाचणीच्या पट्टीला अनुमोदन. डार्करूममध्ये आम्ही अजूनही तेच करतो. आणि पट्टी ओली असताना ठरवू नका, वाळल्यावर ती थोडी गडद होते. इंकजेटलाही स्थिर व्हायला थोडा वेळ द्या.

कोवळेऊन

साटिनवर तीन पट्ट्या छापायला टाकतो. आल्या की इथेच लिहितो.